तिसऱ्या खुर्चीचा चहा

जिवंतांना ताटकळत ठेवून मेलेल्यांची कामं आधी करणारा वकील साऱ्या कोल्हापुरात एकच होता, आणि घर घ्यायची वेळ आली तेव्हा नेमका तोच माझ्या वाट्याला आला. गोष्ट नव्वदच्या दशकातली. राजारामपुरीत एका दवाखान्याच्या माडीवर त्यांचं ऑफिस होतं. शेजारच्या क्लासमध्ये पोरं घसा ताणून सूत्रं म्हणत असायची, पण वकीलसाहेबांच्या खोलीत शिरलं की तो गलका कुठल्या कुठे जायचा. टेबलासमोर तीन खुर्च्या असत. दोन घेणाऱ्या-देणाऱ्यांच्या, तिसरी हरकत घेणाऱ्याची. व्यवहाराआधी पेपरात नोटीस द्यायची, कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणायचं, ही सगळ्याच वकिलांची रीत. बाकीचे मुदत संपली की मोकळे होतात. आमचे वकील मात्र त्या रिकाम्या खुर्चीसाठी एक चहा जास्त सांगायचे. "आपुनच बोलावलंय, मग चहा नको व्हय द्यायला?" असं म्हणत कप तिच्यासमोर सरकवायचे. चहावर साय धरायची, आमचा जीव वर-खाली व्हायचा, आणि ते खुर्चीकडे बघत मधूनमधून मान डोलवायचे.

मला खरोखरच घाई होती. भाड्याच्या खोल्या बदलण्यात आईचा जन्म गेला होता. तिचं हृदय थकलं होतं, घरमालकानं जागा सोडायला सांगितली होती, आणि आता इथून उठायचं ते स्वतःच्याच घरात, असं तिनं मनाशी धरलं होतं. घरही हवं तसं मिळालं होतं. गल्लीच्या टोकाचं, कौलारू, दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. चंदगडकडच्या एका गृहस्थाला ते त्याच्या आत्यानं, गंगव्वानं, मृत्युपत्र करून दिलेलं. कागद चोख होते. तरी वकीलसाहेब दर खेपेला म्हणत, "बाईंचं अजून ठरंना." तो भाचा एकदा वैतागला. "अवो साहेब, आत्ती जाऊन लई वर्सं झाली की. तिचं काय ठरायचं ऱ्हायलंय?"

"गेल्या व्हय?" वकीलसाहेब शांतपणे म्हणाले. "मला तसं काय बोलल्या न्हाईत."

बाहेर जिन्यात भाच्यानं मला स्पष्टच सांगितलं की दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. हादरून मी परत आत गेलो. वकीलसाहेब एकटेच बसले होते. त्यांचा कप तसाच भरलेला होता आणि तिसऱ्या खुर्चीसमोरचा निम्मा झाला होता. मी नुसती विसरलेली छत्री उचलून बाहेर पडलो.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. बंद घर बघायला गेले तरी हातात किल्ली असताना ते आधी दारावर टकटक करायचे, चपला काढून उभे राहायचे, आणि आतून बोलावल्यासारखं "व्हय, आलो" म्हणून मगच कुलूप उघडायचे. येणारे-जाणारे हसायचे. मीही हसलो असतो. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी निरोप धाडून दुपारी आईला घेऊन यायला सांगितलं, गंगव्वाच्या दारावर टकटक केली, आणि कितीतरी वर्षं चूल न पेटलेल्या त्या घरातून कांद्याच्या फोडणीचा वास आला. भाचाही बरोबर होता. त्याने माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. वकीलसाहेब आईला म्हणाले, "मावशी, बायकांचं बायकांनीच बोलावं. आमी पायरीवर बसतो."

आई आत गेली. तिचा आवाज ऐकू येत होता. बोलायची, मग समोरच्याचं ऐकून घ्यावं तशी थांबायची. एकदा हसलीसुद्धा. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा निवला होता. "चांगली हाय की बाई," ती म्हणाली. "चुलीजवळची उजवी बाजू तिची. तिथं आपण बसायचं न्हाय, येवढंच म्हणती." भाचा पांढराफटक पडला. आत्ती जन्मभर तिथेच बसून भाकरी थापायची, असं तो पुटपुटला. आईला हे कोण सांगणार होतं? वकीलसाहेबांनी लगेच पिशवीतून कागद काढले आणि इतक्या दिवसांचं रखडलेलं काम त्याच आठवड्यात करून टाकलं.

आईला त्या घरात चांगली दहा-बारा वर्षं मिळाली. ती चुलीच्या डाव्या बाजूला बसायची आणि दुपारी उजवीकडे बघून गप्पा मारायची. आम्ही सवय करून घेतली. पुढे वकीलसाहेब गेले, मग आईही गेली. आता गल्लीत फ्लॅट होतायत आणि बिल्डर आमच्या मागे लागलाय. त्याचा वकील तरुण आहे, चटपटीत आहे. "सगळं क्लिअर आहे सर, तुम्ही फक्त सही करा," म्हणाला. त्याच्या टेबलासमोर दोनच खुर्च्या आहेत. मला आमच्या वकीलसाहेबांची इतकी आठवण आली की चहा तसाच ठेवून, कागद घेऊन मी उठलो.

घरातली सगळी माणसं लग्नाला पेठ वडगावला गेली होती. दाराशी आलो, किल्ली हातात होती. कोण जाणे का, मी चपला काढल्या आणि स्वतःच्याच दारावर टकटक केली. आतून कांद्याच्या फोडणीचा वास आला, आणि दोन बायका बोलता बोलता थांबल्या. बिल्डरचे कागद मी घडी करून खिशात घातले आणि त्यांचं ठरेपर्यंत पायरीवर बसून राहिलो.