पाच अध्यक्षांचा एक गुडघा

माधवराव रिसबूड भारत-व्हिएतनाम स्नेह मंडळाच्या पुणे शाखेत एकोणीसशे एकोणनव्वद साली टंकलेखक म्हणून लागले आणि दोन हजार सात उजाडलं तरी टंकलेखकच होते. शाखा म्हणजे सदाशिव पेठेत एका दवाखान्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. पगारी माणूस एकच. अध्यक्ष मात्र दर तीन वर्षांनी नवा यायचा. कधी साखर कारखान्यांची यंत्रं बनवणारा, कधी निवृत्त प्राचार्य, कधी दातांचा डॉक्टर. लग्नपत्रिकेत नावाखाली छापायला पद बरं दिसतं, एवढाच त्यांचा व्हिएतनामशी संबंध.

काम वर्षाला दोन पत्रांचं. दा नांग शहरात असंच एक मंडळ होतं. आपल्या दिवाळीला त्यांना एक पत्र जायचं, आणि तेत या त्यांच्या नववर्षाच्या सणाला दुसरं. तिकडून उत्तरं यायची. इकडची पत्रं माधवराव इंग्रजीत लिहायचे आणि अध्यक्ष सही करायचे. वाचायचं कुणीच नाही. 'उभय देशांतील स्नेहबंध दृढ होवोत' हे वाक्य त्यांच्या बोटांना इतकं पाठ झालं होतं, की ते टाइप करताना डोळे खिडकीबाहेर असायचे.

ब्याण्णवच्या दिवाळीत त्यांचा उजवा गुडघा धरला होता. जिना चढून आले ते वैतागूनच, आणि स्नेहबंधांच्या खाली एक ओळ उमटून गेली : 'या वर्षी गुडघ्याने मला फार छळले आहे.' अध्यक्ष फोनवर बोलत होते, त्यांनी बोलता बोलता सही ठोकली.

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. दा नांगच्या अध्यक्षांनी पुण्याच्या अध्यक्षांच्या गुडघ्याची चौकशी केली होती. आलं ठेचून तांदळाच्या दारूत मुरवावं आणि रोज चोळावं, असं कळवलं होतं. शेवटी लिहिलं होतं, 'माझ्या आईला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही.'

सदाशिव पेठेत तांदळाची दारू कुठून आणणार? माधवरावांनी खालच्या डॉक्टरांकडून स्पिरिट मागून आणलं आणि आलं त्यात मुरवलं. पुढच्या पत्रात त्यांनी आईची विचारपूस केली. दोन देशांमध्ये आता खरोखरच बोलणं सुरू झालं.

पुढे अध्यक्ष बदलले, गुडघा तोच राहिला. तिकडेही सह्या बदलल्या, आई तीच राहिली. पहिली सही बदलली तेव्हा माधवराव नुसते चक्रावले. दुसरी बदलली तेव्हा खुर्चीत रेलून एकटेच हसले. तिकडेही एक कारकून बसला होता तर. त्याला सरळ नाव विचारता येत नव्हतं, कारण विचारलं असतं तर दोघांचंही बिंग फुटलं असतं. माधवरावांना मित्र असे फारसे नव्हते. हा एक होता, आणि त्याचं नाव आपल्याला माहीत नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटे.

शहाण्णव साली गुडघा आपोआप बरा झाला. आला तसा गेला. माधवराव तसं कळवायला बसले आणि थांबले. बरा झाला म्हटल्यावर तिकडून पुढच्या खेपेला विचारणार काय? त्यांनी लिहिलं, 'आहे तसाच आहे.' तेव्हापासून गुडघा फक्त पत्रात दुखू लागला. बायकोला, उल्काताईंना, हे कळलं तेव्हा त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "अहो, दोन देशांचे संबंध तुमच्या गुडघ्यावर उभे आहेत होय? मग जपा."

दोन हजार एकमध्ये ई-मेल आला. पत्र दोन मिनिटांत पोचू लागलं, तरी उत्तर दोघंही पूर्वीसारखं अडीच महिन्यांनीच द्यायचे. दोन हजार तीनमध्ये आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते यशस्वी ठरलं. माधवरावांनी अध्यक्षांच्या सहीनं अभिनंदन कळवलं, आणि त्या संध्याकाळी चितळ्यांकडून पाव किलो पेढे घेऊन घरी गेले. उल्काताईंनी कशाबद्दल म्हणून विचारलं नाही.

पुढच्याच वर्षी दिग्विजय सरनाईक अध्यक्ष झाले. वय पस्तीस, खराडीला सॉफ्टवेअर कंपनी, दर डिसेंबरात मॅरेथॉन. या माणसाला व्हिएतनाम खरोखरच हवा होता. दा नांगचे चाळीस पदवीधर खराडीत शिकायला आणायचे आणि तिकडे कंपनीचं केंद्र उघडायचं, असा करार तीन वर्षांत ठरत आला. सात जणांचं शिष्टमंडळ सह्या करायला येणार होतं.

यादी आली तेव्हा माधवरावांनी ती चार वेळा वाचली. अध्यक्ष, दोन अधिकारी, तीन उद्योजक, एक दुभाषा. कारकून नव्हता. असणार तरी कसा? पुण्याच्या यादीत माधव रिसबूड कुठे होते? स्वागताचं भाषण लिहायचं काम मात्र त्यांच्याकडेच आलं होतं, म्हणून त्यांनी शेवटी एक वाक्य घातलं : 'आपल्या मातोश्रींची दृष्टी आता कशी आहे?' निदान कागद तरी शिष्टमंडळाबरोबर दा नांगला जाईल, आणि वाचणारा वाचेल.

भाषण तपासायला दिग्विजय यांच्या कंपनीतली सृष्टी होती. मुलगी हुशार. तिनं स्मरणिकेसाठी जुनी फाइल वाचली होती. तिनं फोन केला. "काका, तिकडचे चार चेअरमन झाले, आणि चौघांची आई एकच? आणि आपल्याकडे पाच जणांचा गुडघा सेम? मी ही लाइन काढते हं, सर ऑकवर्ड होतील." माधवराव म्हणाले, काढा. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

समारंभ खराडीच्या एका हॉटेलात झाला. माधवराव शाली आणि नारळ घेऊन मागे उभे होते. दिग्विजय यांचं भाषण झालं, सुटसुटीत. मग दा नांगचे अध्यक्ष हुंग उठले आणि हातातला कागद वाचू लागले. मिन्ह नावाचा तरुण दुभाषा ते इंग्रजीत सांगत होता. शेवटी तो म्हणाला, अध्यक्ष महोदयांच्या गुडघ्याची आम्हाला पंधरा वर्षं काळजी वाटते आहे, त्यासाठी ही छोटीशी भेट. हुंग यांनी दोन्ही हातांनी एक पुडकं पुढे केलं.

दिग्विजय यांना काही कळेना. माझे गुडघे ठणठणीत आहेत, मी मॅरेथॉन धावतो, असं ते हसून म्हणाले, आणि सगळं सभागृह हसलं. हुंग हसले नाहीत. त्यांनी कागद पाहिला, पुडकं पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. करार टेबलावर तसाच होता.

माधवरावांना कराराचं काही पडलेलं नव्हतं. हा कागद कुणी लिहिला, याची चौकशी आता तिकडे होणार, एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी शाली खुर्चीवर ठेवल्या आणि ते व्यासपीठाकडे निघाले. लंगडत निघाले. सकाळीच त्यांनी नारळांचं पोतं जिन्यानं वर आणलेलं सृष्टीनं पाहिलं होतं. ती बघतच राहिली.

"गुडघा माझा आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "पत्रं मी लिहीत होतो, अध्यक्षांच्या नावानं. आपल्या कचेरीची काही चूक नाही. आपण फक्त सभ्यपणे उत्तर दिलंत."

मिन्हनं भाषांतर केलं. हुंग यांनी क्षणभर माधवरावांकडे पाहिलं, वाकून नमस्कार केला आणि पुडकं त्यांच्या हातात ठेवलं. टाळ्या झाल्या, सह्याही झाल्या. जेवताना दिग्विजय माधवरावांजवळ आले आणि गोड आवाजात म्हणाले की, काका, पुढच्या महिन्यापासून पत्रं सृष्टी लिहील, तुम्ही गुडघ्याला आराम द्या.

मिन्ह ताट घेऊन शेजारी येऊन बसला. माधवरावांनी विचारलं, तुमच्याकडची पत्रं कोण लिहितं? लानबाई, तो म्हणाला. कचेरीत तीस वर्षं झाली, या उन्हाळ्यात निवृत्त होताहेत. माधवरावांनी ते नाव मनात एकदा म्हणून पाहिलं. मग त्यांनी आईची चौकशी केली. ऑपरेशन झालं, आता दिसतं ना?

मिन्ह गोंधळला. "त्यांची आई? त्या आमच्याच गल्लीत राहायच्या. मी शाळेत होतो तेव्हा गेल्या. अठ्ठ्याण्णव साली."

माधवरावांनी हातातला घास ताटात ठेवला. मिन्हला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं बोललो. म्हणून त्यानं विचारलं, लानबाईंना गुडघ्याबद्दल काय सांगू?

"सांगा, आहे तसाच आहे," माधवराव म्हणाले. "आणि म्हणावं, आईला नमस्कार सांगा."