न मागितलेली माफी

दादाला पोलिसांनी नेल्याची बातमी आली तेव्हा इथे आखातात, अझैबातल्या घरी आम्ही जेवायला बसलो होतो. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, वहिनीबरोबर कॅनडात राहतो. त्याने वहिनीला मारलं. खालच्या मजल्यावरच्या बाईने आवाज ऐकून फोन केला आणि पोलीस घरात आले. अटक करताना त्यांनी त्याला रीतसर सांगितलं की तुला गप्प राहायचा हक्क आहे, आधी वकिलाशी बोल. दादा आणि गप्प राहणार! 'एकच तर मारली, आमच्या घरातली गोष्ट आहे,' असं त्याने पोलिसांना समजावून सांगितलं. याला कबुली म्हणतात हे त्याला नंतर वकिलाकडून कळलं.

त्याला अटींवर सोडलं. बायकोला भेटायचं नाही, बोलायचं नाही, दुसऱ्या कुणामार्फत निरोपही धाडायचा नाही. तो मित्राकडे राहायला गेला. गुन्हा सिद्ध झाला तर तिथे राहायचा परवानासुद्धा जाऊ शकतो, हे ऐकल्यावर आईने ताट बाजूला सारलं.

वकीलबाई पंजाबी होत्या, आमच्याशी हिंदीत बोलायच्या. त्यांचा फोन स्पीकरवर ठेवून आम्ही तिघं हॉलमध्ये बसायचो. स्वतःच्या बचावासाठी हात उचलला असेल तर कायदा ते ध्यानात घेतो, असं त्या म्हणाल्या. आईने ते लगेच पकडलं.

"उसीने पहले मारा होगा," आई म्हणाली.

"आंटीजी, आपने देखा था?"

"देखा नहीं. पर मैं उसको जानती हूँ."

बाबांचा हिशोब वेगळा होता. त्यांच्या कंपनीचे दोन ड्रायव्हर एकदा इथल्या बरका गावात हातघाईवर आले होते. बाबा दोघांना घेऊन पोलीस ठाण्यात गेले, मार खाल्लेल्याने तक्रार मागे घेतली, दोघांनी गळाभेट केली, चहा झाला, खलास. "सुनेला म्हणावं तक्रार मागे घे," बाबा म्हणाले. वकीलबाईंनी सांगितलं की तिथे तसं नसतं. केस तिची नाहीच, ती राजाच्या नावाने सरकार चालवतं. ती फक्त साक्षीदार. तिने नको म्हटलं तरी चालवायची की नाही ते सरकारी वकील ठरवणार. आणि कृपा करून तिला कुणी फोन करू नका.

फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, "आमच्या सुनेला मारलं तर राजाला काय पडलंय?"

आमच्या घरात पुरुषांची माफी बायका मागतात. म्हणजे आईच. शाळेत असताना दादाने रिमोटवरून माझा ओठ फोडला होता. आई माझ्या खोलीत आली, हळद लावली आणि म्हणाली, "त्याला वाईट वाटतंय गं. त्यानेच मला सांगायला सांगितलंय. आणि शाळेत कुणी विचारलं तर पडले म्हणून सांग." बाहेर तो आइस्क्रीम खात होता. कितीतरी वर्षं मी समजत होते की माझा भाऊ मनाने चांगला आहे, फक्त लाजाळू आहे.

त्या आठवड्यात दादाचा फोन आला, तोही स्पीकरवर. तिला एवढं नाटक करायची काय गरज होती, मित्राच्या सोफ्यावर पाठ धरते, तिथलं जेवण बेचव आहे. एवढंच बोलला. फोन ठेवला आणि आईने स्वतःचा मोबाइल उचलला.

"आई, वकीलबाई नको म्हणाल्यात," मी म्हटलं.

"त्याने बोलायचं नाही. मी बोलले तर कुणाच्या पोटात दुखतंय?"

मग तिने वहिनीला आवाजी निरोप पाठवला. 'तो रडतोय गं. त्यानेच मला सांगायला सांगितलंय की माझं चुकलं. तू पोलिसांना सांग, पाय घसरून पडले.' शब्दन् शब्द माझ्या ओळखीचा होता.

वहिनीने तो निरोप पोलिसांना ऐकवला. बरं केलं. कुणामार्फत निरोप धाडायचा नाही ही अट मोडली म्हणून दादाला परत उचललं, आणि या वेळी लगेच सोडलं नाही. ज्याने जन्मात कुणाची माफी मागितली नाही, तो न मागितलेल्या माफीपायी आत गेला. मला हसू आलं. बाथरूमचं दार लावून मी पोटभर हसले.

वकीलबाईंचा फोन आला. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. "उसने आपको ये कहने को कहा था, या आपने अपने मन से कहा?" आईने मनाने केलं असेल तर अट त्याने मोडलीच नाही, हेही त्यांनी नीट समजावलं. बाबा आईला हाताने खुणा करू लागले.

त्याला सोडवायचं तर आपल्या मुलाला काहीच वाईट वाटलेलं नाही, हे आईला तोंडाने म्हणावं लागणार होतं.

"उसीने कहा था," ती म्हणाली. "मेरा बेटा पत्थर नहीं है."

"झूठ है," मी म्हटलं. "उसने माफी नहीं माँगी. फोन स्पीकर पे था, मैं यहीं बैठी थी."

हे लेखी द्याल का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. भावाच्या प्रेमापोटी नव्हे. त्याने माफी मागितली नाही, हे त्या घरात एकदा तरी मोठ्याने बोललं जायला हवं होतं. त्यामुळे तो सुटत असेल तर सुटो.

फोन बंद झाला आणि आईने माझ्या थोबाडीत मारली. एकच. तिची अंगठी गालाला लागली. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

सकाळी आईने माझ्या हातात डबा दिला. "कुणी विचारलं तर पडले म्हणून सांग," ती म्हणाली. बाबांनी मला गाडीने सोडलं. सिग्नलला थांबल्यावर समोर बघतच ते म्हणाले, "तिला वाईट वाटतंय गं. तिनेच मला सांगायला सांगितलंय."

ऑफिसात माझा सुजलेला गाल सगळ्यांनी पाहिला. कुणी काही विचारलं नाही.