भोक न पाडलेला ड्रम

ड्रम विकत घेताना मी आधी त्यात डोकं घालते. तेलाचा ड्रम वासावर कळतो, लोणच्याचा कळतो, साबणाचा तर लांबूनच. औषधाचा असला की नाकात चुरचुरतं. तसा निघाला की आमच्याकडे तापलेल्या सळईने त्याच्या बुडाला भोक पाडतात. भोक पडलेला ड्रम फक्त वजनावर जातो, प्लास्टिकचा दाणा करणाऱ्या कारखान्याला. सबंध राहिलेला ड्रम घरात पाणी भरायला जातो आणि त्याला कितीतरी जास्त भाव येतो. जालन्यात नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येतं. सबंध ड्रमला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

ज्या बियाणं कंपनीची ही गोष्ट आहे, तिच्या गेटच्या आत मला कधी घेतलं नाही. बाकीचे भंगारवाले आत जायचे, खुर्चीवर बसून चहा प्यायचे, माल उलटापालटा करून बघायचे. माझा सौदा गेटच्या जाळीतून. एके काळी मी काठीला लोहचुंबक बांधून कारखान्यांच्या स्लॅगच्या, म्हणजे लोखंड वितळवून उरलेल्या मळीच्या, ढिगातून लोखंडाचे तुकडे वेचत होते. आज माझं आवार आहे, काटा आहे, टेम्पो आहे. पण स्टोअर सांभाळणाऱ्या माणसासाठी मी अजून ढिगावरचीच होते. त्याचा राग मी भावात काढायचे.

त्या दिवशी पाच निळे ड्रम होते.

"साबणाचे हायेत, फरशी धुवायच्या," तो म्हणाला.

"आत येऊन वास घेऊ द्या."

"घ्यायचे तर पाची घ्या, न्हाईतर सोडा. दुसरा टेम्पो येऊन राह्यला."

"येऊ द्या. त्याला सांगते, इथं गेटवर उभं करून माल विकतेत म्हणून."

वॉचमन तोंड फिरवून हसला. मी आवाज चढवला, त्यानेही चढवला. शेवटी त्याच्या तोंडून निघालेल्या भावाच्या निम्म्यावर मी त्याला आणलं आणि ड्रम टेम्पोत चढवून घेतले. जिंकल्याच्या तोऱ्यात मी परत आले. आता आठवलं की कळतं, तो माणूस इतक्या लवकर निम्म्यावर यायला नको होता.

आवारात माल निवडणाऱ्या मावशी माझ्याकडे पहिल्यापासून आहेत. त्या सळई घेऊन आल्या.

"भोकं पाडू का बाई?"

मी एकाच ड्रममध्ये डोकं घातलं. साबणाचा वास होता. लेबलं खरवडलेली होती, तेही मला दिसलं होतं.

"राहू द्या. साबणाचेच हायेत."

संध्याकाळी गावातल्या मस्तगड भागातून एक म्हातारी आली. बरोबर सून, दिवस भरत आलेले. सुनेला आता हंडे उचलवत नाहीत, म्हणून तोटीचा ड्रम हवा होता. घासाघीस करायला म्हातारी माझ्या तोलाची निघाली. कधी झाकणाला नाव ठेवी, कधी रंगाला, मग नाक पुढे करून म्हणाली, "कायतरी वास मारून राह्यला."

"साबणाचा हाय, आज्जी. तुम्ही पाणी भरा, मी येऊन त्यातलं तांब्याभर पिऊन दाखवते."

"बराबर. मंग दोन घासण्या जास्तीच्या द्या."

घासण्या दिल्या. तोटी बसवून ड्रम गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले चार ड्रम आम्ही धुवायला उन्हात काढले. मावशींनी झाकणाची रबरी चकती नखाने उचकटली आणि मला हाक मारली. त्यांची बोटं गुलाबी झाली होती. चकतीखाली, आट्यांमध्ये, तो रंग घट्ट बसला होता. ज्याने कपाशीच्या बियाण्याचं पाकीट फोडलंय त्याला हा रंग ओळखायला वेळ लागत नाही. बियाण्याला चोळायच्या औषधात तो घालतात, ते बी कुणी चुकून खाऊ नये म्हणून. ड्रम साबणाने धुऊन मला दिले होते.

"बाई," मावशी म्हणाल्या, "आज मस्तगडला पाणी हाय."

ड्रायव्हरला मी बनियनवरच टेम्पोत बसवलं. म्हातारीचा पत्ता माझ्याकडे नव्हता. पिठाच्या गिरणीमागं राहतो, एवढं ती बोलता बोलता म्हणाली होती. मस्तगडच्या गल्ल्यांतून नळाचे पाइप आडवे पडले होते, घराघरांतून मोटारी घुमत होत्या. टेम्पो पुढे जाईना, तेव्हा मी उतरून पळाले. पहिल्या गिरणीमागे कुणी ओळखेना. दुसऱ्या गिरणीमागच्या ओट्यावर निळा ड्रम दिसला. काठोकाठ भरलेला. सून पातेलं घेऊन तोटीपाशी वाकली होती.

"ठेवा ते," मी ओरडले.

म्हातारी पाइप गुंडाळत होती. तिने मला खालून वर पाहिलं. "आल्या का भाव वाढवायला?"

"यातलं कोण प्यालं का?"

"प्यायचं माठातलं हाय. हे आत्ताच भरलं. का?"

"हा औषधाचा ड्रम हाय. चुकून दिला. मी घेऊन जाते."

"काल साबणाचा होता. रातीतून औषधाचा झाला का?"

शेजारच्या दारातून एक बाई म्हणाली, "जास्तीचं गिऱ्हाईक भेटलं आसंल." दोघी-तिघी हसल्या.

"पैसे परत देते, आज्जी."

"पैसे काय तोटीतून सोडू? पाणी आता कवा येतंय ठाऊक हाय ना?"

मला राग आवरला नाही. मरायचं असेल तर प्या, असं मी बोलून गेले. त्याने काम बिघडलं. सुनेचा चेहरा कडक झाला, तिने पातेलं पुन्हा तोटीखाली धरलं. माझ्या आवाजाला इथे सौद्यातल्या आरडाओरड्याइतकीच किंमत होती. मी खरं बोलते आहे हे दाखवायला माझ्यापाशी काही नव्हतं.

म्हातारी आत गेली. तांब्या घेऊन आली, ड्रममध्ये बुडवला आणि माझ्यापुढे धरला.

"काल म्हणल्त्या, पिऊन दाखवते. घ्या."

पाणी स्वच्छ होतं. तांब्याचं बूड दिसत होतं. माझ्यामागे ड्रायव्हर येऊन उभा राहिला होता, बायकाही पुढे सरकल्या होत्या. मी हात पुढे केला नाही. म्हातारी माझ्या हाताकडे बघत राहिली. मग तोंडाकडे. मग तिने तांब्या खाली ठेवला आणि सुनेला म्हणाली, "पातेलं राखेनं घास. तू हात धू, कोपरापासून."

हसणाऱ्यांपैकी आता कुणी हसत नव्हतं. ड्रायव्हर ड्रम कलंडायला पुढे झाला तर तिने त्याला थांबवलं.

"गल्लीत नका सांडू. नालीवर शेळ्या तोंड लावतेत. आन ही नाली पुढं कुंडलिका नदीला जाती."

झाकण आवळून तो ड्रम फळीवरून टेम्पोत चढवायला आम्ही सहा जण लागलो. नळ अजून चालू होता. ड्रायव्हर तसाच आवारात गेला आणि गोड्या तेलाचा धुतलेला ड्रम घेऊन आला. तो अर्धा भरला आणि नळ गेला. उरलेल्या पाण्याला मी टँकर बोलावला. त्याने सांगितला तो भाव दिला.

इथे मी आवारात परतायला हवं होतं. पण मी टेम्पो कंपनीकडे वळवला. वाटेत एक खिळा घेऊन झाकणावर मोठी फुली मारली. भरलेला ड्रम फळीवरून घसरवत गेटला चिकटून उतरवला आणि स्टोअरच्या माणसाला बाहेर बोलावलं.

"तुमचा साबण घ्या," मी म्हणाले.

"काट्यावर गेलेला माल परत घेत नसतो."

"एक बाळंत व्हायची पोरगी हे पाणी पिणार होती."

"मंग इकायच्या आधी बघायचं ना," तो म्हणाला आणि आत गेला. जाळी ओढून घेतली.

त्याच्या तोंडावर तो ड्रम टाकून निघाले तेव्हा मला फार बरं वाटलं. आवारात येऊन उरलेल्या चारांना मी स्वतः भोकं पाडली. सळई बुडात शिरली आणि तेव्हा लक्षात आलं. तो एक ड्रम मी सबंध सोडून आले होते. पाणी सांडू नये म्हणून भोक पाडता आलं नव्हतं, आणि पुढे काय हा विचार रागाने करू दिला नव्हता.

उजाडताच गेले. गेटपाशी ड्रम नव्हता. माती ओली होती, ओल नालीपर्यंत गेली होती. वॉचमन म्हणाला, "एक टेम्पोवाला घेऊन गेला. कोण ते न्हाई बघितलं." स्टोअरच्या माणसाला हाक मारली, तो आला नाही.

मी इतर भंगारवाल्यांची आवारं पालथी घातली. कुणी दाद दिली नाही. माझ्याशी भांडण न झालेला त्यांच्यात एकही नाही. आता गल्लीतून जाताना ओट्यावर निळा ड्रम दिसला की मी थांबते आणि विचारायच्या आधी झाकणावर फुली आहे का बघते. लोकांना वाटतं, बाई विकत घ्यायला आली. भाव सांगायला लागतात.