आधी रिकामा काटा दाखव

“आधी रिकामा काटा दाखव.”

भाजीच्या गाड्यासमोर उभं राहून साहेब एवढंच म्हणायचे. मग खिशातून पितळेचं छोटं वजन काढून शकीलभाईच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवायचे, आकडा बघायचे, वजन खिशात परत टाकायचे आणि पाव किलो भेंडी मागायचे. शकीलभाईच्या काट्यात कधी खोट निघाली नाही आणि साहेबांनी तपासायचं कधी सोडलं नाही.

“साब, मेरी घरवाली भी इतना शक नहीं करती,” शकीलभाई म्हणायचा.

“तिच्याकडं वजन नसंल,” साहेब म्हणायचे.

साहेब वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पण तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याची निवृत्ती खात्याला कळलेली असते, त्याला स्वतःला नसते. हिंगोलीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे बाजारात मला कुणीही फसवतं. साहेबांबरोबर गेलो की माझीही भाजी वजनात बरोबर यायची, म्हणून मी त्यांच्याबरोबरच जायचो.

त्यांची दुसरी सवय जास्त त्रासाची होती. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला आपण प्रवासाचं विचारतो. साहेब विचारायचे, “तिकडं मेथी केवढ्याला?” सोलापूरहून आलेल्या एका नवरदेवाला त्यांनी मांडवात, हार गळ्यात पडायच्या आधी, तूरडाळीचा भाव विचारला होता. नवरदेवाला तो सांगता आला नाही. “पोराला संसार जड जानार,” असं साहेबांनी मुलीच्या बापाला तिथंच सांगून टाकलं.

पण सगळ्या शहरांत त्यांचं खरं लक्ष पुण्यावर. पुण्यात त्यांची एकुलती एक लेक सुजाता नोकरी करायची. बायको गेल्यावर साहेब घरात एकटे. सुजाता रोज संध्याकाळी फोन करायची आणि साहेब रोज तिला पालकाचा भाव विचारायचे. तिनं सांगितला की “आपल्याकडं निम्म्यात हाय” म्हणून फोन ठेवायचे. प्रकृती, जेवण, औषधं यांना त्या संभाषणात जागाच नसायची.

एकदा सुजाता म्हणाली की आता तिच्या कंपनीत घरूनही काम करता येतं. हिंगोलीला येऊन राहावं का, असा विचार तिच्या डोक्यात होता. पण पुण्यात फ्लॅटचे हप्ते सुरू होते, तेव्हा सगळा खर्च मांडून बघते, असं तिचं म्हणणं. राज्यातल्या कुठल्या शहरात राहायला किती लागतं ते तोलून दाखवणारी एक वेबसाइट आहे, तिचा दुवा तिनं बापाला पाठवला.

साहेब मोबाइल घेऊन तडक माझ्याकडे आले.

“सर, ह्यच्यात मुंबई हाय, पुणं हाय, नागपूर हाय. नांदेडसुद्धा हाय. हिंगोली काहून न्हाई? जिल्हा होऊन इतकी वर्सं झाली, अजून ह्यायला कळलं न्हाई?”

हिंगोलीच्या नावापुढे लिहिलं होतं: या शहराची पुरेशी माहिती नाही, आपण ती भरू शकता.

हे वाक्य साहेबांनी दोनदा वाचलं. सरकारी नोकरीत इतका विश्वास त्यांच्यावर कुणी टाकला नव्हता.

आम्ही माझ्या संगणकावर भाव भरायला बसलो. सुरुवात अगदी सचोटीची होती. दूध, ज्वारी, साखर सगळं बाजारात विचारून आणलेलं. केळ्यांचा भाव तर केळीच्या बागांच्या डोंगरकडा गावाहून थेट फोन करून मागवलेला. मग साइटनं कॅपुचिनोचा भाव विचारला.

“ह्ये काय असतंय?”

“फेसाची कॉफी.”

“च्याला बी फेस येतो वरून वतल्यावर,” साहेब म्हणाले आणि बसस्टँडवरच्या चहाचा भाव टाकून मोकळे झाले. टेनिस कोर्टाचं तासाचं भाडं त्यांनी शून्य लिहिलं आणि खालच्या शेऱ्याच्या रकान्यात खुलासा जोडला: ‘झेडपी शाळेचं मैदान हाय. जाळी आपली आपण न्यावी.’ शहराच्या मध्यभागी घरभाडं किती? पुन्हा शून्य. “वरची खोली सुजाताचीच हाय, भाडं कशाचं?” मध्यभागाबाहेर? “बाहेर तर वावरं हायेत.”

टोमॅटोपाशी मात्र मला काटा हलताना दिसला. साहेबांनी जो भाव लिहिला, तो गेल्या हंगामात शेतकऱ्यांनी क्रेट रस्त्यावर ओतले होते त्या आठवड्यातला होता.

मी त्यांच्याकडे बघितलं.

“हंगामी भाव धरला,” ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

मेथीचाही त्यांनी हंगामी भाव धरला. कोथिंबीर आणि कढीपत्ता फुकट. एकाच माणसाच्या माहितीवर साइट विश्वास ठेवत नाही असं कळल्यावर सकाळी फिरायला येणारी सगळी पेन्शनर मंडळी मोबाइल काढून बाकावर बसली. साहेब भाव सांगत होते आणि ती भरत होती. शाळेत शुद्धलेखन घालावं तसं दृश्य होतं. ज्या माणसानं आयुष्यभर दुकानदारांची बोटं पारड्यावरून उचलायला लावली, त्यानं एका अख्ख्या जिल्ह्याच्या ठिकाणावर आपलं बोट ठेवलं होतं.

आठवड्याभरात हिंगोली राज्यातलं सगळ्यात स्वस्त शहर झालं.

पुढचं व्हायचं ते झालंच. चौकात फ्लेक्स लागला: ‘राज्यातील सर्वांत स्वस्त शहर हिंगोली! शिल्पकारांचे हार्दिक अभिनंदन!’ शिल्पकार म्हणजे गॉगल लावलेले एक भावी नगरसेवक. भोवती त्यांच्या मित्रमंडळाची डोकी, भेंडीसारखी दाटीनं भरलेली. साहेबांनी फ्लेक्स खालून वरपर्यंत वाचला. “ह्यानं मेथीची जुडी कधी हातात धरली का?” एवढंच ते म्हणाले.

खरा त्रास शकीलभाईला झाला. गिऱ्हाइकं मोबाइल दाखवून साइटच्या भावात मेथी मागायला लागली.

“साब, इस भाव में मिलती होगी तो पहले मेरेकूच दिला देओ,” तो हात जोडून साहेबांना म्हणाला. “मैं पूरा टेम्पो भर के लेता.”

साहेबांनी त्या दिवशी काटा न तपासता भेंडी घेतली. असं मी पहिल्यांदाच बघत होतो.

आणि मग सुजाताचा फोन आला. साहेबांना कमी ऐकू यायचं म्हणून स्पीकर कायम चालू. आमच्या ओसरीवर सगळ्यांना ऐकू गेलं.

“पप्पा, कंपनी हो म्हणाली.”

साहेब उभे राहिले.

“पण पगार गावाच्या खर्चाप्रमाणं देणार म्हणतात. त्यांनी त्या साइटवर हिंगोली बघितली. म्हणतात, तिथं घरभाडं शून्य, कोथिंबीर फुकट. निम्म्या पगारात तुम्ही मजेत राहाल. निम्म्यात माझा हप्ताच जातो, पप्पा.”

साहेब खाली बसले. बराच वेळ ते पितळेचं वजन या हातातून त्या हातात घेत राहिले. मग म्हणाले, “सर, भाव वाढवावे लागतील.”

दुसऱ्या सकाळी बाकावर पुन्हा शुद्धलेखन झालं. या वेळी साहेबांनी हात आखडता घेतला नाही. चहा मुंबईच्या तारांकित हॉटेलात गेला. टेनिस कोर्टाला मंगल कार्यालयाचं भाडं लागलं. तूरडाळ तर सोनाराच्या काट्यावर तोलावी अशी झाली. डोंगरकड्याच्या ज्या माणसानं केळ्यांचा भाव दिला होता, त्याचा फोन आला: “साहेब, ह्या भावानं आमचा माल घेनारा येपारी कुटं भेटतो, तेवढा नंबर द्या.”

स्वस्ताईचं शिखर गाठलेली हिंगोली पंधरवड्यात मुंबईच्या डोक्यावर जाऊन बसली. फ्लेक्स रातोरात उतरला. दुसऱ्या पक्षाच्या भावी नगरसेवकानं भडकलेल्या महागाईविरुद्ध तहसीलदारांना निवेदन दिलं आणि ते देतानाचा फोटो चहावाल्यासमोर उभा राहून काढला. चहा नेहमीच्याच भावात होता. फोटोनंतर सगळ्यांनी तो घेतला.

कंपनीनं मात्र कळवलं की या शहराचे आकडे भरवशाचे दिसत नाहीत, तेव्हा सरसकट ग्रामीण दर लावू. तो निम्म्याहूनही कमी होता.

वैशाखी पौर्णिमेला सुजाता चार दिवसांसाठी घरी आली. त्या दिवशी साहेबांकडे दर वर्षी खीर असायची आणि ती खायला मी असायचो. वाट्या भरल्या गेल्या. सुजातानं मोबाइल काढला, हिंगोलीचं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, “‘जाळी आपली आपण न्यावी.’ ही मराठी मी लहानपणापासून ओळखते, पप्पा.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी खिरीकडे बघितलं.

“पप्पा,” ती म्हणाली, “आधी रिकामा काटा दाखवा.”

“कशाचा काटा?”

“तुमचा. टोमॅटो, कॉफी, समदं खाली उतरवा. मग काय राहतंय ते सांगा.”

साहेबांचा चमचा वाटीत थांबला.

“तुझी माय गेल्यापून सैपाकघरात रेडू लावून ठेवतो,” ते म्हणाले. “कुनीतरी बोलून राहिलं असं वाटावं म्हनून. करमत न्हाई. झालं. दिसलं?”

“मग हे इतक्या फोनांत एकदा म्हणता आलं नाही? रोज पालक केवढ्याला ते तर विचारता.”

“त्याच्यातच आलं ना ते,” साहेब म्हणाले.

सुजाता उठून आत गेली. स्वयंपाकघरातला रेडिओ बंद झाल्याचं आम्हाला बाहेर ऐकू आलं. ती परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते आणि हातात खिरीचं पातेलं होतं. बापाच्या वाटीत तिनं आणखी एक पळी वाढली. “हप्ते संपेपर्यंत तुम्हीच चला,” ती म्हणाली. “पुढचं पुढं बघू.”

साहेब पुण्याला निघाले. गाडीत बसायच्या आधी आम्ही दोघं शकीलभाईच्या गाड्यावर गेलो. काही घ्यायचं नव्हतं. साहेबांनी खिशातलं वजन काढून त्याच्या हातावर ठेवलं.

“तिकडं मॉलमधी पाकिटावर छापूनच येतं म्हने. तू ठेव. आल्यावर घेतो.”

शकीलभाईनं सवयीनं काटा चालू करून रिकामा दाखवला. साहेबांनी तो नीट वाकून बघितला.

आता शेजारच्या घराला कुलूप आहे. बाजारात मी एकटा जातो आणि माझी भाजी पुन्हा वजनात कमी यायला लागली आहे, शकीलभाईकडची सोडून. बाकावरच्या मंडळींनी हळूहळू खरे भाव भरल्यामुळे साइटवरची हिंगोली होती तिथं, म्हणजे कुणाच्या लक्षात येणार नाही अशा जागी, परत आली आहे.

परवा सहज म्हणून मी साइटवर पुण्याच्या ताज्या नोंदी उघडल्या. मेथीची जुडी बघितली आणि चष्मा पुसून पुन्हा बघितली. पालक, टोमॅटो, साधं जेवण, सगळं चढलेलं. टेनिस कोर्टाच्या खाली शेरा होता: ‘जागा न्हाई. पार्किंग न्हाई. शेजारी बोलत न्हाईत.’

मी फोन लावला. “साहेब, पुण्यात मेथी एवढी महागली?”

“बाजारभाव हाय, सर. आमी फकस्त नोंद केली,” साहेब म्हणाले. मागून सुजाताच्या हसण्याचा आवाज आला. “तिकडं केवढ्याला?”

संध्याकाळी गाड्यावर उभा राहून मी शकीलभाईला पुण्याचा भाव सांगितला. तो मेथीवर पाणी शिंपडत होता, तो थांबला. हातातली जुडी उलटीपालटी करून त्यानं बघितली.

“मतलब साब वापस आने की तैयारी में हैं,” तो म्हणाला.

पिशव्यांचा गठ्ठा वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर साहेबांचं वजन ठेवलेलं होतं. शकीलभाईनं ते उचललं, सदऱ्याच्या बाहीला घासून लख्ख केलं आणि परत जागेवर ठेवलं.