नसलेला क्लच

माझ्या ऑटोमॅटिक पिकअपमध्ये वेग आला की इंजिनाला गिअरबॉक्सशी थेट जोडणारं लॉक आपोआप लागतं. चढाला बॉक्स तापू नये म्हणून मी अतिशहाणपणानं ते हातानं लावायचं-सोडायचं बटण डॅशबोर्डवर बसवून घेतलं. थांबताना लॉक सोडायला विसरलो की गाडी जागीच बंद.

तासगावच्या गॅरेजमधला म्हातारा मिस्त्री गाडी तपासायला शेजारी बसला. पूर्वी फौजेत ट्रक चालवायचा. प्रत्येक स्पीडब्रेकरला त्याचा डावा पाय नसलेला क्लच दाबायचा, आणि मला हसू यायचं. तेवढ्यात भर चौकात गाडी बंद पडली. मागं द्राक्षांचे ट्रॅक्टर तुंबले.

"आवं, क्लच नको म्हणूनच ही गाडी घेतली न्हवं?" त्यानं शांतपणे विचारलं.

"हो."

"मग ह्ये बटन काय हाय?"

आता ब्रेक दाबताना आधी माझा डावा पाय हलतो. मग हाताला बटण आठवतं.