कोरडं पॉलिश

जिल्हा नवा, कचेरी नवी, साहेबांची पांढरी गाडी तेवढी जुनी. ती नव्यासारखी चमकली नाही तर पाण्याच्या टँकरवर पाठवीन, असा दम ड्रायव्हरला मिळाला होता. समोरच्या टपरीवर चहा घेताना मी त्याचं पॉलिश शिकणं रोज बघत असे. पॉलिशचं मशीन आणि डबे त्याने दुकानदाराला विचारून निवडले होते. खरखरीत मसाला आधी, मऊ मेण नंतर, हे तो मंत्रासारखं पुटपुटायचा. नळ मात्र कोरडा होता. म्हणून तो फडक्याने धूळ झटकायचा, मशीन फिरवायचा आणि बॉनेटवर वाकून त्यात मिशा बघायचा.

दुष्काळाच्या पाहणीला निघताना, भर उन्हात, गाडीभर गोल गोल ओरखडे दिसले.

"आधी धुतली का नाहीस?" साहेब ओरडले.

"पाणी कुठं हाय, साहेब? दुष्काळ हाय न्हवं."

"दुष्काळ खेड्यात आहे. इथे नाही!"

तो टँकरवर गेला. आता औशाकडच्या गावांना निघण्याआधी टँकर कचेरीत थांबतो. नवा ड्रायव्हर गाडी धुतो, हा पाइप धरतो. काल मला बघून म्हणाला, "शिकलो बगा, मामा. गाडीला आधी पाणी लागतं. माणसाला मागनं दिलं तरी चालतंय."