नळांच्या वाटेतली खुर्ची

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की प्रस्तुत लेखक कर्वेनगरहून निघून, खराडीच्याही पलीकडे जाऊन, त्याच दिवशी परत आला आहे. सत्कार नको, चहा चालेल.

निमित्त होतं माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, पितळी नळांच्या कारखान्याचं. मेहुण्याने, मंदारने, सुट्टीत तिथली सगळी यंत्रं हलवली होती. आप्पांची परवानगी मात्र एका दिवसाची. "संध्याकाळी माल वेळेत निघाला नाही, तर यंत्रं परत जागेवर. दसऱ्याला हळदकुंकू तिथे लावलंय मी त्यांना."

खराडीचे काचेचे मनोरे सकाळच्या उन्हात तरंगत मागे गेले आणि पत्र्याची शेड आली.

पूर्वी इथला नळ म्हणजे खरा प्रवासी. लेथवर जन्मायचा, अंगण ओलांडून ड्रिलकडे जायचा, वाटेत ताडपत्रीखाली दिवसच्या दिवस झोपायचा. आता यंत्रं घोड्याच्या नालासारखी जवळजवळ उभी होती. मंदार याला 'सेल' म्हणतो (एका वस्तूची सगळी कामं शेजारीशेजारी). नळ एका हातातून थेट दुसऱ्या हातात. मी एकावर नजर ठेवली. काळपट तुकडा उजळत, सोनेरी मासोळीसारखा हातांमधून पोहत निघाला. मला गोड गुंगीच आली.

आणि तो अडला. नालाच्या मधोमध आप्पांची खुर्ची! ती हलवायची छाती कोणाची झाली नव्हती. जोडणीवरच्या नंदाताई प्रत्येक नळ आप्पांच्या डोक्यावरून पलीकडे देत होत्या. "आप्पा, जरा मान..." आप्पा मान लववत होते. नळ तुंबत होते.

मंदार कानाशी आला. "भाऊजी, तुम्ही सांगा ना. जावयाला नाही बोलणार ते."

मी घसा साफ केला. "आप्पा, इथे वारा येतो का हो?"

"वारा खायला कारखाना नाही काढला, जावईबापू. हे डोक्यावरून काय चाललंय?"

"नळ."

"ते दिसतंय. माझं डोकं इथे कशाला आहे, ते विचारतोय."

सगळ्यांनी माना खाली घालून कामात डोकं खुपसलं. लेथसुद्धा दबकून फिरतोय असं वाटलं. आप्पा उठले. खुर्ची स्वतः उचलून शेवटच्या टेबलाशी नेली, जिथे नळात पाणी सोडून गळती बघतात. "तू माल भरायला जा," तिथल्या माणसाला म्हणाले आणि बसले. पाणी सोडलं, सांध्यावरून बोट फिरवलं, नळ पुढे दिला. तोवर दुसरा हजर!

दुपारी नंदाताईंनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. आप्पांचा चहा मात्र तिथेच निवला.

टेम्पो वेळेत भरला. परतीच्या गाडीत मी पेंगत होतो. खराडीचे दिवे नळांसारखे एकापाठोपाठ सरकत होते. लांब गेलं म्हणजे प्रवास, असं मी आजवर समजत होतो. आप्पा तर शेडमधल्या शेडमध्ये केवढे लांब जाऊन आले होते! आता ते मंदारच्या शेजारी, गाडीच्या खिडकीबाहेर बघत बसले होते. यंत्रं राहणार की परत जाणार, हे विचारायचं धाडस मंदारला होईना. प्रत्येक सिग्नलला तो नुसता त्यांच्याकडे बघायचा.

कर्वेनगर आलं. गाडीचं दार उघडता उघडता आप्पा एकदम कडाडले, "मंदार, उद्या त्या टेबलापाशी पंखा लाव! तिथून उठायला सवडच मिळत नाही!"